पाण्याने घराचं नुकसान झालं तर विमा दाव्याचा खर्च कसा काढायचा

वॉशबेसिनखालची लवचीक नळी मध्यरात्री कधीतरी तुटली. पहाटे मी पलंगावरून पाय खाली टेकवला तर बोटं पाण्यात बुडाली. दुपारपर्यंत पाणी उपसलं आणि संध्याकाळी विमा कंपनीला द्यायचा आकडा कागदावर मांडला. त्यात गालिचा, गादी आणि एका भिंतीचा रंग एवढंच होतं. आठवड्याभरात दावा मंजूर झाला आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर मी सही करून टाकली. तिसऱ्या आठवड्यात लाकडी फरशीच्या पट्ट्या कडांनी वर उचलल्या. कपाटाची तळफळी फुगून दार अडायला लागलं आणि स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीच्या वर पांढरी भुकटी दिसू लागली. सगळ्यात मोठा खर्च तोच होता आणि त्यातलं काहीही मला मिळालं नाही.

तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्या घरी पाणी साचलं, की मी टेप आणि वही घेऊन जातो. डोळ्यांना दिसतं त्यावर आकडा काढला की तो हमखास कमी निघतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पुढची पद्धत या अनुभवातून बसवलेली आहे. पॉलिसीच्या अटी देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, पण मोजमाप आणि हिशेबाची रीत सगळीकडे सारखीच राहते.

आधी पाणी थांबवा, मग पुरावा जपा

घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. पाणी प्लगपर्यंत किंवा जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डपर्यंत पोचलं असेल, तर वीजही मेन स्विचवरून बंद करा. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर मात्र जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

त्यानंतर काही हलवण्याआधी फोटो काढा. आधी दारातून संपूर्ण खोली, मग एकेक भिंत, मग जवळून बारकावे. भिंतीवर पाण्याची रेघ असेल तर टेप उभी धरून फोटो घ्या, म्हणजे उंची फोटोतच नोंदली जाते. तुटलेली नळी, फुटलेला सांधा, निकामी झालेला नळ फेकू नका. पिशवीत घालून वर तारीख लिहा, कारण नुकसान अचानक झालं हे सिद्ध करायला तोच तुकडा उपयोगी पडतो.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पण सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीकडून येणारा माणूस, येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही विमाधारकाची जबाबदारी असते आणि जवळपास प्रत्येक पॉलिसीत ती लिहिलेली असते. पाणी उपसणाऱ्याची मजुरी, भाड्याने आणलेला पंप, सामान झाकायला आणलेलं प्लॅस्टिक या सगळ्यांच्या पावत्या ठेवा. हे दाव्याचं पहिलं पान आहे. गालिचा टाकून द्यावाच लागणार असेल, तर त्याचा हातभर तुकडा कापून ठेवा. प्रत काय होती ते सर्व्हेअरला त्यावरून दाखवता येतं.

पाणी आलं कुठून?

आकडेमोडीआधी याचं उत्तर हवं, कारण कुठला खर्च दाव्यात धरायचा ते कारणावर ठरतं. पाइप अचानक फुटला, टाकी ओसंडली, मशिनची नळी निसटली, असं नुकसान बहुतेक गृहविम्यात बसतं. महिनोन् महिने झिरपणारं पाणी, जुनी गळती आणि देखभालीअभावी आलेली ओल सहसा वगळलेली असते. बाहेरून शिरणाऱ्या पुराच्या पाण्याचे नियम आणखी वेगळे. अमेरिकेत नेहमीच्या गृहविम्यात पूर बसत नाही. तिथे त्यासाठी १९६८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पूर विमा योजनेतून किंवा खासगी कंपनीकडून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

इथे एक बारीक फरक आहे, आणि तो न कळल्याने लोक पैसे सोडून देतात. झिजून फुटलेला पाइप बदलण्याचा खर्च अनेकदा मिळत नाही, पण त्या पाइपमधून आलेल्या पाण्याने झालेलं नुकसान मिळू शकतं. गळती शोधायला भिंत किंवा फरशी फोडावी लागली, तर तो खर्च आणि फोडलेलं पूर्ववत करण्याचा खर्च काही पॉलिसींत स्वतंत्र कलमाखाली, ठरावीक मर्यादेपर्यंत देतात. म्हणून प्लंबरला एकच गोळाबेरीज बिल करू देऊ नका. गळती शोधणं, फोडणं, पाइप बदलणं आणि बुजवणं अशा चार ओळी वेगळ्या मागा. एका आकड्याचं बिल असेल तर ‘हा दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीत बसत नाही’ असं म्हणून ते पूर्ण बाजूला पडू शकतं.

पाणी किती घाण होतं हेही नोंदवा. पाण्याने झालेल्या नुकसानीच्या कामात अमेरिकेतल्या आयआयसीआरसी या संस्थेचं एस५०० हे मानक पुष्कळ वापरलं जातं. त्यात पाण्याचे तीन वर्ग केले आहेत. पिण्याच्या पाण्याच्या पाइपमधून आलेलं पाणी पहिल्या वर्गात येतं, वॉशिंग मशिन किंवा डिशवॉशरमधून सांडलेलं दुसऱ्या वर्गात. उलटं वर आलेलं सांडपाणी आणि नदीचा पूर तिसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गाच्या पाण्यात भिजलेली गादी किंवा गालिचा लगेच हाताळला तर वाचू शकतो, तिसऱ्या वर्गात तो टाकूनच द्यावा लागतो आणि खोलीचं निर्जंतुकीकरण वाढतं. हा वर्ग कायमचा ठरलेला नसतो. स्वच्छ पाणी साचून राहिलं की घाण होत जातं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवायला सांगते, कारण त्यानंतर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. पाणी किती वाजता दिसलं आणि उपसा किती वाजता सुरू झाला या दोन वेळा म्हणूनच वहीत हव्यात.

टेप घेऊन खोलीत उतरा

या पायरीला घाई करू नका. इथे घालवलेला तास पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो.

खोलीचा साधा नकाशा काढा. उदाहरणादाखल ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली घेऊ. जमीन १२ चौरस मीटर, भिंतींचा घेर १४ मीटर. एक सोपं गणित लक्षात ठेवा: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. या खोलीत ३ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ३६० लिटर झालं. सर्व्हेअरला ‘खूप पाणी होतं’ सांगण्यापेक्षा हा आकडा दिला, की उपसा आणि वाळवणीचा खर्च त्याला पटतो.

भिंतीवरची रेघ फसवी असते. गिलावा आणि वीट पाणी वर ओढून घेतात, त्यामुळे पाणी १० सेंटिमीटर उभं असलं तरी ओल त्याच्या कितीतरी वर चढलेली सापडते. ओलावा मापक, म्हणजे मॉइश्चर मीटर, भाड्याने मिळाला तर जरूर आणा. दोन सुयांचे मीटर लाकडासाठी बेतलेले असतात. गिलाव्यावर टेकवल्यावर दिसणारी टक्केवारी खरी धरू नका, ती फक्त तुलनेसाठी वापरा. आधी त्याच घरातल्या कोरड्या, तशाच भिंतीवर आकडा घ्या. मग ओल्या भिंतीवर दर मीटरला जमिनीपासून १०, ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरवर मोजा. ज्या उंचीवर आकडा कोरड्या भिंतीइतका उतरतो, तिथे पेन्सिलने खूण करा. तुमच्या नुकसानीची खरी सीमा ती.

मीटर नसेल तर हाताची मागची बाजू भिंतीला लावा. ओला भाग थंड लागतो. बोटाच्या पेराने टकटक करा. सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. हे पुरावे दुय्यम आहेत, पण कुठे फोडून बघायचं हे त्यातून कळतं.

उदाहरणातल्या खोलीत ओल ६० सेंटिमीटरपर्यंत चढली आहे असं धरू. १४ मीटरच्या घेराला ८.४ चौरस मीटर गिलावा आला. त्यातून ०.९ मीटर रुंद दाराचा भाग वजा केला की साधारण ७.९ उरतात. रंगाचा हिशेब मात्र ६० सेंटिमीटरचा धरून चालत नाही. खालच्या पट्ट्याला नवा रंग दिला तर वरच्या जुन्या रंगाशी तो जुळत नाही, म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत धरायची. चारही भिंती ओल्या असतील तर ४२ चौरस मीटरमधून दार आणि खिडकी वजा करून सुमारे ३८.७ चौरस मीटर होतात. लाकडी फरशी १२ चौरस मीटर आहे, पण कापण्यात वाया जाणारा माल धरून १० टक्के जास्त, म्हणजे १३.२ मागवावी लागते. स्कर्टिंग दार सोडून १३.१ मीटर.

नजरेआड राहणाऱ्या जागा मुद्दाम तपासा. कपाट पुढे ओढून त्याची पाठ बघा. ओट्याखालच्या कॅबिनेटचे पाय आणि तळफळी चाचपा. प्लायवूड कधी वाचतं, पण पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या, एकदा फुगले की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत. स्कर्टिंगची एक पट्टी उचकटा, तिच्या मागे हमखास ओल सापडते. खालच्या मजल्याचं छत बघा. इलेक्ट्रिशियनकडून भिजलेल्या वायरिंगची मेगर चाचणी, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का याची तपासणी, करून घ्या आणि निकाल लेखी मागा.

लाकडी फरशीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं नुकसान तिथेच झालं. पट्टीचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त ओला राहिला की तो जास्त फुगतो आणि पट्टीच्या कडा वर येऊन मध्ये खोलगट होतं. हे दिसायला काही दिवस लागतात, कधी आठवडे. अशी फरशी ओली असतानाच घासून सपाट केली, तर पुढे वाळल्यावर तिचा मधला भाग फुगीर होतो आणि काम दुप्पट वाढतं. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘फरशी ठीक आहे’ असं लिहून देऊ नका. ‘लाकडी फरशी निरीक्षणाखाली आहे, वाळल्यावर पुरवणी अंदाज देऊ’ असं लिहा.

वाळवणीचा खर्च दाव्यात धरा

हा खर्च सगळ्यात जास्त विसरला जातो. पाणी उपसल्यावर भिंत आणि जमिनीत मुरलेलं पाणी राहतंच. एस५०० मानकात वाळवणीच्या अवघडपणाचे चार वर्ग आहेत. दगड, काँक्रीट, वीट, जाड लाकूड यांत खोल मुरलेलं पाणी चौथ्या, म्हणजे सगळ्यात चिवट वर्गात येतं. घाईत रंग दिला तर मागची ओल पोपडे काढते आणि भिंतीतले क्षार पांढरे होऊन बाहेर येतात.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, आणि पंखे यांचं भाडं दर दिवसाने येतं, म्हणून दिवसांचा अंदाज लेखी घ्या. विजेचाही हिशेब मांडा. ७०० वॅटचं डीह्युमिडिफायर १० दिवस सलग चाललं तर १६८ युनिट होतात. ६० वॅटचे दोन पंखे तितकेच दिवस चालले तर आणखी जवळपास २९. यंत्र सुरू केलं त्या दिवशी आणि बंद केलं त्या दिवशी वीजमीटरचा फोटो काढा. रक्कम लहान असते, पण दाव्यात ती मागता येते.

दर मिळवताना

प्रत्येक कामाची निदान दोन कोटेशन घ्या आणि दोन्ही ठेकेदारांना तुम्ही काढलेली तीच मोजमापं द्या. नाहीतर एकाचं कोटेशन ३० चौरस मीटरचं असतं, दुसऱ्याचं ४२ चं, आणि तुलनेला अर्थ उरत नाही. माल, मजुरी, जुनं काढणं, राडारोडा वाहून नेणं आणि कर वेगळे लिहायला सांगा. ‘एकूण काम’ असं मोघम कोटेशन घेऊ नका. सामान हलवून दुसरीकडे ठेवावं लागणार असेल तर तीही ओळ हवी.

आधीपासून खराब असलेलं किंवा नव्याने सुधारायचं काम या कोटेशनमध्ये मिसळू नका. साधी फरशी होती तिथे संगमरवराचा दर लावला, की सर्व्हेअर उरलेल्या ओळींकडेही संशयाने बघतो. तुम्हाला चांगला माल बसवायचा असेल तर जरूर बसवा, फरक खिशातून भरा आणि दाव्यात पूर्वीच्याच प्रतीचा दर धरा.

जुळणीचा प्रश्न इथेच येतो. खोलीतल्या १० फरश्या गेल्या आणि तो नमुना आता बनत नसेल, तर पूर्ण खोली बदलायची का? काही पॉलिसी न बिघडलेल्या भागाचे पैसे देत नाहीत, काही अंशतः देतात. पॉलिसीत ‘जोड्या आणि संच’ असं, म्हणजे संचातला एक भाग बिघडला तर बाकीच्यांचं काय हे सांगणारं कलम आहे का ते बघा. नमुना बंद झाल्याचं दुकानदाराचं लेखी पत्र सोबत जोडा.

सामानाची यादी

वहीत प्रत्येक वस्तूची एक ओळ: नाव, कंपनी, घेतल्याचं साल, आजची नवी किंमत, दुरुस्त होते की नाही, आणि भंगारात काय मिळेल. दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या जवळ गेला, तर दुरुस्त करणाऱ्याकडून तसा लेखी अहवाल घ्या. पावत्या सापडत नसतील तर बँकेची विवरणं, ऑनलाइन खरेदीचा इतिहास आणि घरातले जुने फोटो चालतात. वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारं कपाटही पुरावा ठरतं.

घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी निवासाचा खर्च पॉलिसीत आहे का, किती दिवसांसाठी, हे पहिल्याच दिवशी बघा. साधारणपणे नेहमीच्या खर्चापेक्षा जो जास्तीचा झाला तेवढाच मिळतो.

नुकसानीपासून दाव्याच्या रकमेपर्यंत

आता कात्र्या लावायच्या. खालचे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत, चलन कुठलंही धरा.

बांधकामाचा खर्च: उपसा आणि वाळवण २५,०००, राडारोडा ८,०००, वायरिंग १२,०००, गिलावा १८,०००, रंग २२,०००, लाकडी फरशी ६५,०००. एकूण १,५०,०००. ही पॉलिसी बांधकामाला पुनर्स्थापना मूल्य देते, म्हणजे घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) लागत नाही, असं धरू.

सामान मात्र चालू मूल्यावर, म्हणजे घसारा वजा करून, आहे. ४०,०००चं कपाट, आयुष्य १५ वर्षं, वापर ६ वर्षं: ४० टक्के घसारा जाऊन २४,०००. १५,०००ची गादी, आयुष्य १०, वापर ५: ७,५००. ६०,०००चा संगणक, आयुष्य ५, वापर ३: २४,०००. बेरीज ५५,५००. संगणकाचे भंगारात २,५०० येतील ते वजा करून ५३,०००.

पुढची कात्री मोठी आहे. घर पुन्हा बांधायला ४०,००,००० लागतील आणि विमा ३०,००,०००चाच असेल, तर पॉलिसीत सरासरीचं कलम असल्यास कंपनी बांधकामाच्या नुकसानीतही तेवढंच प्रमाण लावते. ३० भागिले ४०, म्हणजे ७५ टक्के. १,५०,०००चे १,१२,५०० झाले. नुकसान विमा रकमेच्या कितीतरी आत असलं तरी ही कपात होते, आणि लोकांना सगळ्यात जास्त धक्का इथेच बसतो. काही पॉलिसींत हे कलम शिथिल केलेलं असतं, म्हणून आधी वाचून घ्या. सामानाचा विमा पुरेसा आहे असं धरलं तर ५३,००० कायम.

दोन्ही मिळून १,६५,५००. त्यातून १०,०००चा एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण सोसायचा वाटा, वजा केला की १,५५,५०० हाती येतात. सगळं नव्याने करायला २,६५,००० लागणार होते. त्याच्या सुमारे ५९ टक्के झाले. एक्सेस आधी वजा होतो की शेवटी, याने रक्कम बदलते, तो क्रमही पॉलिसीत पाहा.

हे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. एक सगळं नव्याने करायला लागणारा, दुसरा कंपनीकडून अपेक्षित. मधली तफावत कुठून आणायची हे काम सुरू होण्याआधी ठरलं, तर अर्धवट उखडलेल्या घरात अडकून पडायची वेळ येत नाही.

सर्व्हेअर आल्यावर

त्याच्यासोबत खोलीखोलीतून फिरा. पेन्सिलीच्या खुणा दाखवा, नकाशा आणि यादीची प्रत द्या, पोच घ्या. त्याने एखादी ओळ कमी केली तर कुठल्या मापामुळे किंवा कुठल्या कलमामुळे, ते लेखी विचारा. मापावर वाद असेल तर तिथेच दोघांनी टेप धरून पुन्हा मोजा.

छुप्या नुकसानीसाठी सरसकट १० टक्के वाढवून आकडा देऊ नका. ज्याला पुरावा नाही अशी ओळ बाकीच्या खऱ्या ओळी कमकुवत करते. त्याऐवजी अंदाजाच्या शेवटी एक वाक्य लिहा: ‘हा अंदाज आज दिसणाऱ्या नुकसानीपुरता आहे. फरशी, भिंतीचा आतला भाग आणि वायरिंग उघडल्यावर आढळणाऱ्या नुकसानीचा पुरवणी दावा करण्याचा हक्क राखून ठेवत आहे.’ कंपनी आधी काही रक्कम देऊ करत असेल तर ती अंशतः म्हणून घ्या आणि पावतीवर तसं लिहा. सगळं वाळून झाल्याशिवाय ‘पूर्ण व अंतिम’वर सही करू नका.

आणि नवी फरशी बसवण्याआधी त्याच पेन्सिलीच्या खुणांवर पुन्हा मीटर टेकवा. आकडे कोरड्या भिंतीइतके आले असतील तर मीटरवरचा आकडा दिसेल असा फोटो काढून तारखेसह फाइलला लावा. आले नसतील तर कारागिरांना थांबवा, वाळवणीचे दिवस वाढवून मागा आणि त्याच दिवशी सर्व्हेअरला कळवा.